ताऱ्याची जात पडताळणी

आमच्या अमरावतीच्या कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या प्रियदर्शनी मॅडमना किळस यायला फार काही लागत नाही. कॅन्टीनचा चहा, पीएचडीचे गाइड, मोबाईलवरचं राशिभविष्य, सगळ्यांवर शेरा एकच: "शी!" मी केमिस्ट्रीचा. उग्र वासांची सवय, म्हणून आमची मैत्री टिकली.

वलगावच्या या बाईंचा जीव मात्र एका ताऱ्यात अडकलेला. त्याचे अतिनील नि क्ष-किरण आपली हवाच अडवते, खाली पोचू देत नाही. ते टिपायला दुर्बीण थेट अवकाशातच हवी. तशी एक वर फिरते आहे, आणि तिचा वेळ मिळवायला अर्ज करावा लागतो. तीन वर्षं खपून मॅडमनी अर्ज तयार केला. मुदत आज पाचची. राहिलं होतं फक्त प्राचार्यांच्या सहीचं पत्र. ते मराठीतच हवं, हा आमच्या कॉलेजचा बाणा.

मॅडमनी लिहिलं: 'वर्णपटावरून ताऱ्याची जात तपासणे.' कपाशीची असते, संत्र्याची असते, तशी.

तीनला पत्र परत आलं, तेही जातीच्या दाखल्यांच्या टेबलावरून. देवरावबाबूंचा लाल शेरा: '"ताऱ्याची" अशुद्ध, "ताराची" असे वाचावे. कु. तारा यांचा शाळा सोडल्याचा दाखला व वडिलांचे जात प्रमाणपत्र जोडावे.'

मॅडम तरातरा खाली गेल्या. तमाशा चुकू नये म्हणून मी मागोमाग.

"देवरावभाऊ, हा आभाळातला तारा हाये."

"असन. पण जात तपासाची म्हनजे बापाचे कागद लागतेतच, मॅडम. तुमीबी तं जोडले होते."

"त्याचा बाप ढग होता. गॅसचा. आता नाही राह्यला."

"मंग मृत्यूचा दाखला जोडा."

मी फिसकन हसलो. मॅडम हसल्या नाहीत. स्वतःच्या जात पडताळणीच्या वेळी आजोबांच्या कागदांसाठी याच टेबलाशी त्यांनी किती चकरा मारल्या, हे मला आठवलं आणि मीही हसायचा थांबलो.

"शी!" त्या म्हणाल्या. मला वाटलं, देवरावांना. "जिथं मानूस पोचला नाही, तिथई हा शब्द म्याच नेऊन ठेवला. काहून नेला मी?"

त्यांनी पेन काढलं आणि 'जात' खोडली, कागद फाटेस्तोवर. दुसऱ्या कागदावर पत्र नव्यानं लिहिलं. तिथं शब्द घातला, 'वाण'.

देवराव एकदम खुलले. "असं सांगा ना! वाण होय! कोनतं?"

"बी. या वाणाचे तारे निळे असतात, लय तापट."

"बीटी काय?"

"नुसतं बी."

दहा मिनिटांत ते स्वतः सही घेऊन आले. चार पन्नासला अर्ज गेला, लगेच पोचही आली. मी सांगायला धावलो, तर मॅडम बेसिनपाशी हात धूत होत्या, दुसऱ्यांदा साबण लावून.