दौऱ्यातली दहा मिनिटं

साहेब येणार असं कळलं की माझं जेवणावरचं लक्ष उडायचं. साहेब म्हणजे विधानसभेतले विरोधी पक्षनेते. मी दिवसा एका सहकारी बँकेत कारकून आणि संध्याकाळी पक्षाच्या शहर कार्यालयात बिनपगारी. त्यांचा पुणे दौरा ठरला की त्या दिवसाची आखणी माझ्या गळ्यात पडायची. कुणाला भेटायचं, कुणाला किती वेळ द्यायचा, गाडी कुठून वळवायची, चहा कुणाकडे घ्यायचा. विरोधी पक्षनेत्याला कॅबिनेट मंत्र्याचा दर्जा असतो, त्यामुळे आमच्या कार्यक्रमाची प्रत पोलिसांनाही जायची. मी कार्बन घालून टाइप केलेल्या कागदाप्रमाणे पोलिसांची जीप हलते, या कल्पनेनेच माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

तेव्हा मोबाईल नुकते आले होते आणि आमच्यापैकी एकाकडेच होता. त्या वर्षी माघ संपता संपता मुंबईहून दौऱ्याचा फॅक्स आला, तो घेऊन मी धावतच घरी गेलो. बायको पोळ्या करत होती. तिने मागे वळूनही पाहिलं नाही.

"धायरीला येणार का ते?" एवढंच विचारलं.

धायरी तिचं माहेर. गाव नुकतंच शहरात आलं होतं, म्हणजे कागदावर. घरपट्टी शहराची लागली होती, बाकी सगळं गावचं होतं. गावाला लागून पाट वाहतो. शहरातले लोक त्याला कालवा म्हणतात. पलीकडे नव्या सोसायट्या झाल्या होत्या आणि हायस्कूलही पलीकडेच होतं. वाहनांचा पूल बराच लांब. जवळ होता तो फक्त पाटावरून आडवा गेलेला पाण्याचा जाड पाइप. माणसं त्याच्यावरून चालत जायची.

बायकोची वहिनी रोज सकाळी दुधाची किटली घेऊन त्या पाइपवरून पलीकडे रतीब घालायला जायची. आदल्या पावसाळ्यात ती घसरली होती. किटली वाहून गेली, ती पाइपला मिठी मारून वाचली. तिची मुलगी सातवीत होती. जूनपासून आठवीला तिला त्याच पाइपवरून जावं लागणार होतं. घरात ठरत आलं होतं की पूल नाही झाला तर पोरीची शाळा बंद. वहिनीला ते मान्य नव्हतं. पायी चालायचा एक साकव तिला हवा होता, तोही जूनच्या आत.

मी दुसऱ्या दिवशी कार्यक्रमात धायरी घातलं. कोथरूडमधली एका जुन्या कार्यकर्त्याच्या घरची भेट आणि हडपसरची जाहीर सभा, या दोन्हींच्या मधे दहा मिनिटं. हे मी कशातून काढलं ते सांगायला हवं. हडपसरच्या कामगारांना सभेआधी वेगळं भेटायचं होतं, त्यांच्या वेळातून. आपल्या सासुरवाडीसाठी दुसऱ्याची वेळ कापली, हे मला टाइप करतानाच टोचत होतं. आणि तरी टाइप करताना बोटं भराभर पडत होती. सासऱ्यांच्या दारात साहेबांची गाडी थांबणार, हे चित्र मला साकव आणि कामगारांची भेट या दोन्ही कामांपेक्षा जास्त आवडलं होतं.

दौऱ्याच्या दिवशी मी बँकेत आईला बरं नाही असं कळवलं. मग चैन पडेना, म्हणून साहेब उतरले होते त्या सरकारी विश्रामगृहाच्या बाहेरच्या बूथवरून आईला फोन करून बरी आहेस ना, असं विचारलं. ती म्हणाली, ठणठणीत आहे, तुला काय झालंय?

विश्रामगृहात सकाळपासून जत्रा होती. पत्रकार आले, रिक्षावाले आले, अनुदान न मिळालेले शिक्षक आले, कुणी नातवाच्या प्रवेशासाठी आलं. प्रत्येक शिष्टमंडळ आत जायचं, निवेदन द्यायचं, फोटो निघायचा आणि साहेबांचे स्वीय सहायक तो कागद एका फुगलेल्या बॅगेत टाकायचे. मी दाराशी उभा राहून एकेकाला आत सोडत होतो. एक निवृत्त मास्तर टोपी सारखी करत शेजारच्याला म्हणाले, "सत्तेत असते तर आपण अजून फाटकाबाहेर असतो. विरोधात आहेत, म्हणून खुर्ची तरी मिळाली बसायला."

शेजारचा म्हणाला, "खुर्ची त्यांनाही तेवढीच मिळालीय."

मी हसू दाबलं. आत साहेब प्रत्येकाचं ऐकून घेत होते. ते फार बोलत नसत. चष्मा कपाळावर सरकवून कागद डोळ्यांजवळ धरायचे आणि एखादाच प्रश्न विचारायचे. तो प्रश्न ऐकला की कागद लिहिणाराच चाचरायला लागायचा.

कोथरूडला उशीर झाला. तिथल्या आजारी कार्यकर्त्याने साहेबांना बसवून घेतलं. त्याच्या पत्नीने आधी पाणी, मग पोहे, मग चहा आणला. पोह्यांवर खोबरं घालायचं राहिलं म्हणून बशी परत आत गेली. सहायकांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. गाडीत बसल्यावर ते मला म्हणाले, धायरी गाळू या. साहेब पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते. ते मागे न वळता म्हणाले, "कार्यक्रमात लिहिलंय ना? मग थांबू."

सिंहगड रस्त्यावरून धायरीकडे वळलो तेव्हा लांबूनच ताशा ऐकू आला. माझं काळीज ताशाबरोबर उडत होतं. रस्त्याला रांगोळी, कमानीला आंब्याचे डहाळे, आणि सगळ्यांच्या पुढे फेटा बांधून माझे सासरे. त्यांनी पक्ष कधी पाहिला नव्हता, पाहुणा पाहिला होता. आपल्या दारात आलेल्या माणसाचा मान उणा राहता कामा नये, हे त्यांचं राजकारण.

देवळापुढच्या मांडवात सतरंज्या होत्या. एका बाजूला बायका बसल्या होत्या, त्यांच्या पुढे वहिनी. तिने निवेदनाचा कागद आणला नव्हता. हे तिचं आधीच ठरलं होतं. आदल्या रविवारी ती मला म्हणाली होती, "कागद लई दिलं, दाजी. आता मी बोलनार हाय." मी तिला म्हटलं होतं, दहा मिनिटं आहेत, त्यातली पाच तुझी.

सत्कार सुरू झाले. साहेबांना फेटा, शाल, नारळ. सहायकांना फेटा, शाल, नारळ. ड्रायव्हरला बोलावून आणलं आणि त्यालाही फेटा. पोलिसाने टोपी आहे म्हणून सांगितलं तर त्याच्या हातात नारळ दिला. सहायक घड्याळावर बोट ठेवत होते. मी सासऱ्यांच्या कानाशी लागलो, आता वहिनींना बोलू द्या. वहिनी उठलीच होती. पदर खोचून ती माइकपाशी आली.

"थांब सूनबाई," सासरे म्हणाले. "जावईबापूंचा मान ऱ्हायलाय."

मी हातच जोडले. म्हटलं, माझं नंतर करा, मी घरचाच आहे. पण मांडवात सगळं गाव बसलेलं. जावयाला वगळून पाहुण्यांचा सत्कार झाला, तर ते वर्षभर चघळलं गेलं असतं. सासऱ्यांचा चेहरा उतरायला लागला आणि मी मान खाली घातली. फेटा बांधणारा माणूस म्हातारा होता आणि त्याला आपल्या कामाचा अभिमान होता. तो सावकाश एकेक पीळ देत होता. वहिनी माइकशेजारी तशीच उभी. तिने माझ्याकडे पाहिलं, रागाने नाही. लग्नघरात आपली पंगत कधी बसणार असं पाहत उभं राहावं, तशी.

अर्धा फेटा झाला आणि सहायक उठले. हडपसरला लोक खोळंबलेत, असं साहेबांच्या कानात सांगितलं. साहेबांनी सगळ्यांना नमस्कार केला आणि चपला घातल्या. ताशा पुन्हा सुरू झाला. गर्दी गाडीकडे सरकली. माझ्या मानेमागे म्हातारा अजून फेटा ओढत होता.

त्या क्षणी मला काय झालं ते आजही नीट सांगता येत नाही. मी उठलो. फेट्याचं टोक म्हाताऱ्याच्या हातात राहिलं आणि मी धावलो, तसे पीळ एकामागून एक सुटत गेले. मागे पोरं हसत होती. पाठीमागे कापड फरफटत मी गाडीपाशी पोचलो आणि दार धरलं.

"साहेब, सत्कार सगळ्यांचे झाले. काम राहिलंय."

मला वाटलं ते रागावतील. त्यांनी माझ्या डोक्याकडे पाहिलं, मग रस्त्यावर पसरलेल्या कापडाकडे पाहिलं. वहिनी माझ्या मागोमाग आलीच होती.

"कसलं काम, बाई?"

"इथनं चार पावलांवर हाय. चालत यावं लागंल."

सहायक म्हणाले, आपण निवेदन द्या, साहेब सरकारला नक्की कळवतील. वहिनीने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. साहेब जरा गंभीर झाले. म्हणाले, "बाई, मी सत्तेत नाही. हुकूम माझ्या हातात नाही. मी फक्त विचारू शकतो."

"मग विचारा की," वहिनी म्हणाली. "पर बघून विचारा."

साहेब चालायला लागले. त्यांच्या मागे सहायक, पोलीस, ताशावाले, सासरे, सगळा मांडव. ताशा बंद करायचं कुणाला सुचलं नाही, त्यामुळे आम्ही वरात निघाल्यासारखे वाजत गाजत पाटावर पोचलो. पाणी सुटलं होतं, काठोकाठ आणि वेगात. पाणी दिसलं तसा ताशा आपोआप थांबला.

वहिनीने चपला काढल्या. शेजारच्या बाईच्या हातून रिकामी किटली घेतली आणि पाइपवर चढली. रोज चालणाऱ्याचं पाऊल होतं, तरी मधे एकदा तिने तोल सावरायला हात पसरला. पलीकडे जाऊन ती वळली आणि परत आली. येऊन किटली खाली ठेवली.

"माझं झालं. जूनपास्नं हिचं हाय," असं म्हणून तिने मुलीच्या खांद्यावर हात ठेवला.

साहेबांनी चपला काढल्या. पोलीस पुढे झाला, सहायकांनी दंड धरला, सासरे तर घाबरून रामनाम घ्यायला लागले. साहेबांनी सगळ्यांना बाजूला केलं आणि पाइपवर पाय ठेवला. दोन पावलं गेले, धोतर सावरत तिथेच उभे राहिले. खाली पाण्याकडे पाहिलं. मग तितक्याच हळू मागे आले. त्यांच्या कपाळावर घाम होता.

"पुढं नाही जमलं," ते म्हणाले. "तेच सांगीन."

हडपसरला आम्ही फार उशिरा पोचलो. लोक उन्हात थांबले होते. कामगारांना वेगळी भेट मिळालीच नाही. त्यांच्यातला एकजण मला म्हणाला, तुमच्या कार्यक्रमात आमचं नाव होतं की नव्हतं? मी त्याला खरं सांगितलं, की होतं, पण तुमची वेळ मीच कापली. तो वळून आपल्या लोकांत जाऊन बसला. ते ओझं माझ्यावर आहे. पण त्या संध्याकाळी मी ते ओझं घेऊनही उड्या मारत घरी गेलो.

अधिवेशनात साहेबांनी विषय काढला. सरकारकडून उत्तर आलं की ग्रामस्थांना पर्यायी रस्ता उपलब्ध आहे. साहेब उठून म्हणाले, पर्यायी रस्ता मी पाहिला आहे, दोन पावलांच्या पुढे मला जाता आलं नाही, मंत्रिमहोदयांनी पूर्ण चालून दाखवावा. सभागृहात हशा पिकला. ही बातमी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर होती. मी ती बँकेच्या काउंटरवर उभ्याने वाचली आणि समोरच्या खातेदाराला पैसे द्यायचं विसरलो.

जूनच्या आत काही झालं नाही. वहिनीने तो पावसाळाभर मुलीला हात धरून नेलं आणि आणलं. शाळा बंद करायचं नाव कुणी काढलं की ती म्हणायची, साहेब विचारतायत अजून.

दिवाळीनंतर लोखंडी साकव आला. उद्घाटनाला सत्ताधारी पक्षाचे लोक आले, आम्हाला बोलावणं नव्हतं. मी जावई म्हणून गेलो आणि मागे उभा राहिलो. सासऱ्यांनी त्यांनाही तितक्याच उत्साहाने फेटे बांधले, शाल घातली, नारळ दिले. ताशा तोच होता. पाहुणे कात्री हातात घेऊन फितीपाशी उभे राहिले आणि फोटोवाल्याने त्यांना जरा हसायला सांगितलं.

मी वहिनीला शोधत होतो. ती पलीकडच्या काठाहून साकवावरूनच येत होती. पाहुण्यांना पाहून ती साकवाच्या मधोमध थांबली. हातातली किटली रिकामी होती, आणि मुलगी केव्हाच शाळेत पोचली होती.