ढालीवरचं नाव

जुन्या स्पोर्ट्स गाड्यांच्या क्लबनं दिलेली ढाल मांडीवर घेऊन आप्पा कोरलेल्या अक्षरांवरून अंगठा फिरवत होते. दिवंगत सभासदांच्या स्मरणार्थ ही ढाल दरवर्षी देतात. गाड्यांच्या फेरीत सगळ्यांत पुढे गेलेल्याला नाही, दुसऱ्याची बंद गाडी पाहून थांबलेल्याला. आप्पा सभासद नव्हते. त्यांनी आयुष्यभर त्या गाड्या दुरुस्त केल्या.

ढालीवर कोरलं होतं, 'दामू मिस्त्री'.

मी त्यांची मुलगी, आमच्या घरातली पहिली पदवीधर. मला रागच आला. "इतकी वर्षं यांच्या गाड्या चालत्या ठेवल्या, आणि आडनाव कुणी विचारलं नाही? मी बदलून आणते."

"बसा हो, मॅडम," आप्पा हसले. "घाटात गाडी अडली की 'दामू मिस्त्रीला बोलवा' म्हणायचे. दुसरं नाव घातलंस तर म्हणतील, ढाल भलत्यालाच दिली!"

मला रविवारच्या सकाळी आठवल्या. दारात बिनछपराची लाल गाडी उभी असायची. आप्पा स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवून मूठ कानाशी धरायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. गाडीचे साहेब शेजारी गप्प उभे असायचे, डॉक्टरसमोर नातेवाईक उभे राहतात तसे. आता साहेब गेले. ढाल त्यांच्याही आठवणीची. 'दामू मिस्त्री' म्हणताना त्यांच्या आवाजात केवढा भरवसा असायचा!

तरी मी म्हणालेच, "पण आप्पा, तुमचं खरं नाव कुठंच लागलं नाही."

"लागलं की. तुझ्या डिग्रीवर, तुझ्या नावापुढं."