हळदीच्या कुकरची रिंग

कनेरगाव नाक्याजवळच्या तांड्यावरची मिना रबराच्या वस्तू बनवून आणते म्हटलं, की बायांना आधी लेकरांची खेळणीच आठवतात. तसं न्हाई. कारखान्यातल्या यंत्राला कुठं वायसर लागतं, कुठं बूच, कुठं धक्का सोसायला रबराचा गट्टू. झिजलेला तुकडा पिशवीत टाकायचा, संभाजीनगरला साचेवाल्याकडं जायचं अन् तसाच नवा करून आणायचा. लग्नाआधी ती तिकडंच रबराच्या कारखान्यात कामाला होती, म्हणून वाट ठाऊक.

हिंगोलीत नेमसिंग हळद शिजवायचे कुकर बनवतो. झाकणाची रबरी रिंग तो लांबून मागवायचा, ती कधी वेळेवर येत नसे. मी करून देते, असं मिना म्हणाली. त्यानं कबूल केलं, पण पहिला कुकर बिनतकलीफ चालला तरच पुढचं काम. न्हाईतर जुनाच माणूस बरा.

मिनानं नमुना आणला. घरी चुलीवरच्या बंद डब्याला लावून रोज पाण्याची वाफ दिली. आज जेवायला नुसती वाफच का, असं सासूनं, धुरपताबाईनं, विचारूनही झालं. रिंग मात्र जशीच्या तशी. मिना खूश.

पुसेगावला उकंडरावांच्या शेतात कुकर लागला. पहिले घाणे बरे निघाले. मग झाकणाच्या कडेनं वाफ फुसफुसायला लागली. उघडून पाहिलं तर रिंग भिजल्या पापडासारखी फुगून खाचेबाहेर आलेली, अन् आतली हळद कच्ची. उकंडरावांनी ती हळद परत शिजवायला काढली. नेमसिंगनं लांबून मागवलेली जुनी रिंग बसवली, ते मिनाला लई लागलं.

घरी धुरपताबाईनं ती फुगलेली रिंग बोटानं दाबली, वास घेतला.

"हळदीचं तेल पिली ही. तू हिला माहेरातच पारखली, मिना. सासरी नांदवून बघायची होती."

हळदीच्या मुलखात राहून हे सुचू नये, यापरीस दुसरी गंमत कोणती!

मिना परत साचेवाल्याकडं गेली. साचा तोच ठेवला, रबर बदललं; तेलाला दाद न देणारं घेतलं. या खेपेला ओल्या हळदीसंगं रिंगा दिवसभर पातेल्यात शिजवल्या. चूल, पातेलं, हात, पदर, सगळं पिवळं. शेजारची पारुबाई डोकावली.

"कुणाचं लगीन काढलं गं?"

"रिंगेचं," धुरपताबाई म्हणाली. "पाव्हणे राजी झाले तर."

पाव्हणे म्हंजे नेमसिंग. शेवटचं एकदा म्हणून तो तयार झाला. उकंडरावांनी पुन्हा आपलाच कुकर दिला, पण स्वतः झाकणासमोर बाज टाकून बसले. मिना उभीच. घाण्यामागून घाणे निघाले, कडेनं वाफेचा टिपूस न्हाई. दिवस कलल्यावर नेमसिंगनं रिंग काढली, ताणली, खाचेत परत बसवली. बराबर बसली.

"वहिनी, बाकीच्या कुकरांच्या कधी देता?"

मिनानं दिवस सांगितला. वर एक अट घातली, की इथून पुढं कोणताही तुकडा बनवायला देताना, त्या यंत्रात काय शिजतंय ते आधी सांगायचं.