चालती कनात

कनात उभी राहिली, दोर ताणले गेले, आणि आत जाऊन पाहिलं तर चारही बाजूंना कापडच होतं. लाल पट्टे, निळे हत्ती, वर आभाळाचा चौकोन. रोहिणखेडच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी, पळस फुललेल्या दिवसांत मी निसर्गाच्या अभ्यासाचं शिबिर घेतलं होतं, आणि मुलींना त्यातलं काहीच दिसणार नव्हतं.

“बाई, बंदोबस्त फर्स्ट क्लास,” बीडीओ साहेब म्हणाले. बीडीओ म्हणजे गटविकास अधिकारी, ब्लॉकमधल्या आम्हा सगळ्यांचे वरिष्ठ. ही लग्नातली कनात त्यांनीच खामगावच्या बिछायतवाल्याकडून भाड्याने मागवली होती.

“साहेब, आतून काही दिसत नाही.”

“बाहेरून दिसत नाही ना? मग झालं.” ते जीपमध्ये बसले. “रिपोर्ट सोमवारी टेबलावर पाहिजे.”

मी तेव्हा मुख्यसेविका होते. ग्रामसेविकांच्या कामावर देखरेख, बालवाड्या, महिला मंडळं, साक्षरतेचे वर्ग, असं ते काम. राज्य नवं, पंचायत समिती नवी. कोणाचं काम कुठे संपतं हे कोणालाच पुरतं माहीत नव्हतं, त्यामुळे थोडं मनासारखं करता यायचं. मी घरी शिकणाऱ्या मुलींचं काम हाती घेतलं.

आमच्या भागात अशी घरं होती. गावातली शाळा चौथीपर्यंत. पुढची दुसऱ्या गावाला, मुलांबरोबर. देशमुखांकडे गोषा पाळत, म्हणजे बायकांनी परक्या पुरुषासमोर यायचं नाही. बऱ्या स्थितीतल्या मुसलमान घरांतही तेच. मुलगी मोठी दिसू लागली की शाळा बंद. पण काही घरांनी पुस्तकं बंद केली नव्हती. कुसुम देशमुखला तिचा चुलता ओसरीवर बसून शिकवायचा. किराणावाल्या हमीदभाईंची नसीम भावाची जुनी पुस्तकं वाचायची, आणि तिची आई जुबेदाबी शेजारी बसून तिच्याबरोबरच शिकायची. मी एसटीने आणि पायी फिरून पुस्तकं पोचवायची, गणितं तपासायची.

सातवीची परीक्षा बाहेरून देता येत असे. केंद्र बुलढाण्याला, दोन रात्रींचा मुक्काम. त्या मुक्कामापाशीच घोडं पेंड खात होतं. म्हणून मी हे शिबिर काढलं. जंगलखात्याच्या बंगल्याजवळ एक रात्र, आयांसकट. सामान्य विज्ञानाचा अभ्यासही होईल आणि घराबाहेर राहण्याची सवयही. पाच घरं तयार झाली. रात्र नीट पार पडली तर मुलींना परीक्षेला पाठवायचं की नाही ते कुसुमचे वडील दादासाहेब देशमुख सकाळी सांगणार होते, आणि ते म्हणतील तेच बाकीचे करणार होते. त्यांची अट एकच: मुली आणि बायका कनातीबाहेर दिसता कामा नयेत.

सोबत आलेली पुरुषमंडळी बंगल्याच्या व्हरांड्यात बसली. मी बाहेर जाऊन फांद्या, शेंगा, एक रिकामं घरटं असं काय काय गोळा केलं आणि भाजीवालीसारखं कनातीत मांडलं. मुलींनी ते हातात घेतलं, परत ठेवलं.

“पानं तं आमच्या आंगनातबी पडतात, बाई,” नसीम म्हणाली. “जंगल कुठी हाय?”

“चूप बस वं,” जुबेदाबी म्हणाल्या. पण त्याही माझ्याकडे तोच प्रश्न असल्यासारख्या बघत होत्या.

कुसुमची आई, आम्हा सगळ्यांच्या वहिनी, बांबूला टेकून पान लावत होत्या. सकाळपासून त्या एकदाच बोलल्या होत्या. चुना कुठी हाय, एवढंच.

कनात म्हणजे एक सलग पडदा नसतो. काही हात रुंदीचे तुकडे दोरीने एकमेकांना बांधलेले असतात आणि प्रत्येकाच्या शिवणीत उभा बांबू असतो. वहिनी टेकल्या होत्या तो बांबू जरा हलला, तेव्हा माझ्या डोक्यात आलं की बांबू जमिनीत असलाच पाहिजे असं नाही. तो हातातही धरता येईल.

मी व्हरांड्याकडे गेले.

“दादासाहेब, अट परत एकदा सांगा.”

“परत कायले? पोरी कनातीबाहेर दिसाच्या नाहीत.”

“कनात कुठे असावी, हे ठरलं नव्हतं. मी ती घेऊन खालच्या नाल्यात जाते. मुली आत, बांबू आयांच्या हातात.”

हमीदभाईंनी विडी विझवली. “म्हंजे कनातीले पाय फुटले म्हना.”

देशमुख हसले नाहीत. “पडली तं?”

“पडणार नाही.”

“पडली तं काय, थे इचारलं म्या.”

“पडली तर मी परीक्षेचं नाव काढणार नाही. यंदाही नाही, पुढच्या वर्षीही नाही.”

त्यांनी थोडा विचार केला. “जा,” म्हणाले. गुरं घेऊन कोणी नाल्याकडे येऊ नये म्हणून त्यांनी चौकीदाराला वाटेवर उभं केलं. ते मात्र त्यांनी आपणहून केलं.

मी कनातीचे काही तुकडे सोडवून लहान वेढा बांधला. आया, काकू, मावश्या बांबूंना लागल्या. पहिल्या दहा पावलांत फजिती झाली. पुढच्या भरभर निघाल्या, मागच्या अडखळल्या, कापड ताणलं आणि सगळ्या मागे ओढल्या गेल्या. दोघी खाली बसून हसू लागल्या. मग जुबेदाबींनी सूत्रं हातात घेतली. “उठवा,” म्हटलं की बांबू उचलायचे, चार पावलं जायचं. “ठेवा,” म्हटलं की टेकवायचे. उठवा, ठेवा, उठवा, ठेवा. बोरीच्या काट्यांनी कापड दोनदा धरलं. आम्ही सोडवलं आणि पुढे निघालो. नाल्यात उतरताना मला वाटलं, आता संपलं. पण नाही. त्या बायका घरी पाण्याच्या घागरी भरून उचलत होत्या. बांबूचा तोल सांभाळण्याची रीत त्यांना लगेच कळली.

नाल्यात रेती कोरडी होती. मोराचे पाय उमटलेले होते. एका जागी मुलींनी हाताने उकरलं तर वीतभरावर पाणी लागलं. काठाची दरड कापलेली होती: वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली खडक, आणि मुळं बाहेर लोंबत होती. कनात दरडीला चिकटवून उभी केली.

“बाई,” कुसुम म्हणाली, “हे तं पुस्तकातलं चित्र हाय.”

तिने बोटाने एकेक थर दाखवला. नावं बरोबर सांगितली. नसीमने मूळ ओढून पाहिलं आणि ते तुटत नाही म्हणून माती कशी धरून राहते ते मला न विचारता सांगून टाकलं. शिबिर आता सुरू झालं होतं.

ऊन कलल्यावर डोंगरावरून वारा सुटला. नाल्यात तो कोंडून येतो. कनातीची पुढची बाजू फुगली. “धरा, धरा,” जुबेदाबी ओरडल्या. वहिनींच्या हातातला बांबू निसटला, शेजारचाही गेला, आणि ती बाजू रेतीत आडवी झाली.

समोर उघडा नाला, पळसांनी लाल झालेला अख्खा उतार, आणि कर्कश ओरडत उडालेली टिटवी. माणूस कोणी नव्हतं.

वहिनी रिकाम्या हातांनी उभ्या होत्या. पदर वाऱ्याने मागे गेला होता. कुसुम डोंगराकडे न बघता बांबूकडे धावली.

“आई, उचल ना. बाबा काय म्हनतीन?”

“राहू दे जराक,” वहिनी म्हणाल्या.

कुसुमने बांबू खाली ठेवला. माझा शब्द पडलाच होता, घाईने उचलून तो उभा राहणार नव्हता. वेळ मिळाला तो मी वापरला. उताराच्या कोणत्या बाजूला झाडी दाट आहे, कोणत्या बाजूला विरळ, ऊन कुठून येतं, पाणी कुठून वाहतं, हे मुलींकडून काढून घेतलं. ऊन उतरू लागलं तेव्हा वहिनींनी स्वतःच बांबू उचलला आणि आम्ही आलो तशा परत गेलो. रात्री सगळ्या गाढ झोपल्या.

सकाळी देशमुख, हमीदभाई आणि बाकीचे बाप कनातीपाशी आले. देशमुखांनी विचारायच्या आत मी सांगितलं.

“कनात पडली. नाल्यात, वाऱ्याने. तिथे कोणी नव्हतं, पण पडली. तेव्हा परीक्षेबद्दल मी बोलणार नाही.”

“बरं,” देशमुख म्हणाले. त्यांना त्यात आनंद झालेला दिसला नाही. ते बंडीला बैल जुंपायला सांगणार तोच कापडाआडून आवाज आला.

“आयकलं का?”

देशमुख जागीच थांबले. चार लोकांत त्यांनी तो आवाज पूर्वी ऐकला नसावा.

“शब्द बाईनं देल्ला व्हता,” वहिनी म्हणाल्या. “म्या नाही देल्ला. परीक्षेचं मी बोलतो. बांबू माह्या हातून सुटला. पोरगी उचलाले धावली, मीच राहू दे म्हटलं. अशा पोरीले बुलढान्याले काय होते? मी जातो तिच्यासंगं.”

देशमुख पागोट्याचा शेव नीट करत राहिले.

“जुबेदाबी येतीन काय?” त्यांनी शेवटी हमीदभाईंना विचारलं.

उत्तर हमीदभाईंनी दिलं नाही. कनातीतून आलं. “हाव, येतो.”

“मंग एकाच बंडीत जा,” देशमुख म्हणाले. “दोन बंड्या कायले?”

पाचांपैकी चार मुली परीक्षेला बसल्या. पाचवीचं लग्न ठरलं. चौघींपैकी एक गणितात गेली, पुढच्या वर्षी सुटली. वहिनी आणि जुबेदाबी बुलढाण्याला मी त्या दिवसांपुरत्या घेतलेल्या खोलीवर उतरल्या, आणि मुली पेपर लिहीत असताना केंद्राच्या फाटकाबाहेर कडुनिंबाखाली बसून राहिल्या. कनातीला काटे लागल्याची बिछायतवाल्याने तक्रार केली. रिपोर्टमध्ये मी लिहिलं: कापड मजबूत, वारा जास्त. साहेबांनी सही केली.

त्या दिवसापासून कामात मी एक नियम पाळते. शब्द द्यायचा तो फक्त स्वतःच्या तोंडाचा. तो मोडला तर आपण गप्प बसावं लागतं, पण बाकीच्यांची तोंडं मोकळी राहतात.