अन्वरच्या आवाजाचे तीन भाग

अन्वर गेल्याचं त्याच्या धाकट्या भावानं, इरफाननं, बिडकीनहून फोनवर सांगितलं. मी वेड्यासारखं विचारलं, "शेवटी काही बोलला का?" घशाच्या ऑपरेशननंतर वर्षभर अन्वरला आवाजच नव्हता.

उस्मानपुऱ्यात आमचं दोघांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. अन्वर इतका बोलका, की गिऱ्हाईक काम विसरून गप्पा मारत बसे. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यानं घरी बसून आवाज रेकॉर्ड केला, झिप करताना फाइलचे तीन भाग पाडले आणि बायकोला, म्हणजे नसीमभाभींना, इरफानला अन् मला एकेक पेन ड्राइव्ह दिला. "मी गेल्यावर तिघं एका जागी बसा, तवाच उघडंल. एकटं ऐकाल अन् रडत बसाल," म्हणाला. मला रागच आला होता. मरणाची इतकी व्यवस्थित तयारी कशाला करायची?

चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर एका दुपारी आम्ही त्याच्या खोलीत बसलो. तिन्ही भाग एका फोल्डरमध्ये टाकून पहिल्यावर क्लिक केलं. दुसरा भाग सापडत नाही, असं आलं. फोल्डरमध्ये तर तिन्ही होते! बघतो तो, इरफाननं आपल्या फाइलचं नाव बदलून 'भाईजान' ठेवलेलं. "नुसते आकडे होते, बरं नाय वाटलं," तो मान खाली घालून म्हणाला. मी जुनं नाव परत दिलं. आता फाइल उघडू लागली आणि शेवटाकडे येऊन अडकली. पुन्हा केलं, पुन्हा तिथंच. तिसरा भाग खराब, आणि तो नसीमभाभींचा. बिघडलेल्या जुन्या फोनबरोबर त्याची बाकीची रेकॉर्डिंगं कधीच गेली होती. "उनकी आवाज मेरेच हाथ से गई क्या?" भाभी पुटपुटल्या. मी फोल्डरमधल्या आणि पेन ड्राइव्हवरच्या फाइलचा आकार ताडून पाहिला. फाइल अर्धवटच उतरली होती; कॉपी पुरी व्हायच्या आत पेन ड्राइव्ह मीच उपसला होता. इतक्या वर्षांचा कारागीर मी, अन् असली घाई! पुन्हा कॉपी केली. उघडलं.

"बसले का सगळे? इरफान..." मग शांतता, माणूस उत्तर देईल तेवढीच. इरफान "हां भाईजान" म्हणून गेला. "दिलीप..." भुताखेतांना हसणारा मी, मीही ओ दिली. नंतर बराच वेळ नुसता श्वास... आणि एकदम वैतागून, "नसीम, वो खिडकी लगा दे. धूप आंखों पे आ री."

रेकॉर्डिंग दुपारचं, खोली तीच, खुर्ची तीच; यात चमत्कार काही नाही, हे मला कळतं. पण त्या क्षणी ऊन आमच्या डोळ्यांवर होतं. भाभी मुकाट्यानं उठल्या आणि त्यांनी खिडकी लावली.

परवा गेलो तर खोलीत कोंदट झालं होतं. मी खिडकीच्या कडीला हात घातला. भाभी हळूच म्हणाल्या, "रहने देव, भाईसाब. उनको धूप लगती."