बेदाण्याच्या शेडमधली लाथ

सत्तरीकडं झुकलेल्या बाईनं लाथा मारण्याविषयी लिहावं, हे काहींना पटणार नाही. पण मी लिहिणार, कारण मला लाथ चांगली मारता येते. कमरेतून येते, नुसती गुडघ्यातून नाही.

झालं असं, की आमच्या मालकांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. पलटणीत निम्मं आयुष्य काढलेला माणूस, पण त्याला कुशीवर वळवायचं तर मी लागायची. दवाखान्यासाठी आम्ही तासगाव सोडून साताऱ्याला लेकीकडं राहिलो. मी रडले नाही, कुणावर ओरडले नाही, सगळं आतच ठेवलं. सकाळी उठलं की जबडा ठणकायचा, कारण रात्रभर दात आवळून झोपलेली असायची. बीपी तर वरच. लेकीनं तेच धरून ठेवलं. म्हणाली, द्राक्षाची बाग आणि बेदाण्याची शेड भाड्यानं दे, दोघं इथंच राहा, तुला एकटीला झेपायचं नाही. आणि इकडं मालक तिच्या फ्लॅटच्या भिंतीकडं बघत बसायचे. त्यांना बाग दिसायला हवी होती, एवढं मला न बोलता कळत होतं.

लेक एमआयडीसीत कामाला. कामावरून सुटली की किकबॉक्सिंगच्या क्लासला जायची, डोक्यातली कटकट तिथं टाकून यायची. एका संध्याकाळी जावई मालकांपाशी बसले आणि ती मला बरोबर घेऊन गेली. मी आपली बाकावर बसले होते. शिकवणारी पोरगी माझ्या नातीएवढी. ती म्हणाली, "आजी, बसून काय करताय? मारून बघा की."

मी कासोटा घातला आणि उभी राहिले. हात गालापाशी ठेवा म्हणाली, लाथ मारताना श्वास सोडा, तोंडातून आवाज निघू दे. बाकीचे सगळे हळूच 'हुश्श' करत होते. माझं माहेर आटपाडीकडचं, मेंढरंवाल्यांचं. लहानपणी मी कळपामागं हिंडलेली. लाथ समोर टांगलेल्या बॅगेवर बसली आणि माझ्या तोंडातून मेंढरं वळवायची हाक निघाली, "हुर्र्र्र हाऽऽ!" सगळा क्लास थांबला. एक जण हसला. ती पोरगी मात्र म्हणाली, आता सगळ्यांनी आजींसारखा आवाज काढायचा. आणि काय सांगू, साताऱ्यातली ती शिकलेली माणसं ओळीनं मेंढरं हाकायला लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी माझा जबडा दुखला नाही. पाय मात्र लय दुखला.

तिथं पुरेसं शिकून घेतलं आणि मग लेकीशी बोली केली. आम्ही तासगावला जातो. दिवाळीला तू ये, बीपी बघ. उतरलेलं नसलं तर किल्ल्या तुझ्या हातात देते.

बेदाणा निघून गेला की आमची शेड रिकामीच असते. बेदाणा वाळवायच्या जाळ्या गुंडाळून एका कडेला जागा केली आणि लोखंडी अँगलला पोतं टांगलं. पोत्यात भरायला समोर होता तो बेदाण्याचा चुरा आणि काड्या भरल्या, फुकट आणि घरच्या. चार दिवसांत मुंग्यांनी पोत्याला रांगा लावल्या. लाथ मारली की मुंग्या साडीवर. सगळं ओतून टाकलं आणि जुन्या वाकळा ठासून भरल्या.

मालक दुपारी झोपले की मी गुपचूप जायची. ज्याचा पाय उचलत नाही त्याच्यासमोर मी पाय कसा उडवू? हाकही बारीक आवाजात द्यायची. एक दिवस दवाखान्यातल्या नर्सबाईंनी फोनवर काहीबाही ऐकवलं होतं, डोकं तापलं होतं, आणि हाक पुरी सुटली. पाठोपाठ घरातून काठी आपटल्याचा आवाज. मी पळत गेले. मालक डाव्या हातातल्या काठीनं शेडकडं दाखवत होते. लग्नाच्या नवेपणी माझी ती हाक त्यांनी ऐकलेली, विसरतील कसे? मी म्हटलं, "आवं, शेड झाडत हुते." खोटं बोलणाऱ्या नव्या जवानाकडं बघावं तसं त्यांनी माझ्याकडं बघितलं.

मग काय, चाकाच्या खुर्चीवरून त्यांना शेडमध्ये नेलं. एक लाथ मारून दाखवली. वाटलं, आता यांचे डोळे भरणार. तर त्यांनी मान हलवली, चूक म्हणून. काठी पुढं करून माझं कोपर वर ढकललं. मी पुन्हा मारली, पुन्हा हात गालापासून खाली आला. तेव्हा त्यांचे ओठ हलले, खूप वेळ हलले, आणि शब्द आला.

"वर."

दवाखान्यातून आल्यापासून माझ्या कानांना कळलेला हा पहिला शब्द. रडायला हवं होतं बहुतेक. पण ते काठी उगारून बसलेले, म्हणून मी हात वर घेतला आणि लाथ मारली. त्यानंतर रोज तेच शेडकडं काठी दाखवायला लागले.

दिवाळीला लेक आली ती मशीन घेऊनच. पट्टा बांधला, आकडा बघितला, विश्वास बसेना म्हणून परत बांधला. बीपी उतरलं होतं. मग म्हणाली, आई, मला बघू दे तू करतेस काय. शेडमध्ये तिनंही एक लाथ मारली. मोठी जोरकस लाथ, पण हात खाली आला. मालकांनी काठीनं तिचं कोपर ढकललं आणि म्हणाले, "वर."

बापाचा शब्द ऐकून लेकीनं डोळे पुसले. मला म्हणाली, मग शेड भाड्यानं द्यायची नाही म्हण की.

मी म्हटलं, "कशी द्यायची? मालकांची ड्युटी असते हितं."