आईचा स्कॅन आणि एक मिलिसिव्हर्ट

हे लिहायचा मला अधिकार आहे का, ठाऊक नाही. मी डॉक्टर नाही. भौतिकशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे, आणि आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. नीट न समजलेल्या विषयावर मी एकदा बोलून बसलो. आता त्यावरच लिहितोय, म्हणून आधीच माफी मागतो.

आई मिरकरवाडा बंदराजवळच्या शेडमध्ये कोळंबी सोलते. नारळी पौर्णिमेनंतर बोटी सुटल्या, तिचं काम सुरू झालं आणि खोकलाही. दिवसभर बर्फात हात, खोकला यायचाच, असं ती म्हणायची. दोन महिने झाले तरी थांबेना, तेव्हा बाबा तिला दवाखान्यात घेऊन गेले. थुंकी तपासली, टीबी नव्हता. एक्स-रेमध्ये मात्र उजव्या फुप्फुसात लहानसा डाग दिसला. दिवाळीनंतर पुन्हा एक्स-रे काढला, डाग होताच. डॉक्टरांनी छातीचा सीटी स्कॅन लिहून दिला.

आमच्या आळीत कुणाकडे कसलाही कागद आला, रेशनचा, बँकेचा, शाळेचा, तरी तो आधी माझ्याकडे येतो. मी वाचायचा आणि मी म्हणेन तसं करायचं, अशी पद्धतच पडली आहे. मला ते आवडायचं, हे लपवत नाही. डॉक्टरांचा कागदही बाबांनी तसाच माझ्यापुढे ठेवला.

त्याच आठवड्यात मला सेमिनारचा विषय मिळाला होता: कमी मात्रेचं रेडिएशन आणि त्याचे नियम. मात्रा कितीही लहान असली तरी थोडा धोका असतो असं धरूनच नियम करतात, हे मी नुकतंच वाचलं होतं. सामान्य माणसासाठी मर्यादा वर्षाला एक मिलिसिव्हर्ट. छातीच्या सीटीचा आकडा शोधला तर तो त्याच्या कितीतरी पट निघाला. मी वहीत दोन्ही एक्स-रे त्यात मिळवले आणि बेरजेखाली लाल रेघ मारली.

"डॉक्टर लगेच करा म्हणालेत," बाबा म्हणाले.

"त्यांनी रेडिएशनचा आकडा सांगितला तुम्हाला?"

"नाय."

"मग थांबूया. डाग काही वाढलेला नाही."

आईची तर सुटकाच झाली. खाली दक्षिणेला अणुप्रकल्प येणार, येणार हे आम्ही इतकी वर्षं ऐकतोय की रेडिएशन म्हटलं की माणसं आधी दोन पावलं मागे सरतात. पुढे एकदा मी तिचा डबा द्यायला शेडवर गेलो, तेव्हा शेजारी सोलत बसलेली बाई तिला विचारत होती, "काय गो, मशीनीत कधी शिरतेस?"

"माझ्या पोरानं गणित करून नको सांगितलंय."

"म्हणजे डॉक्टर नापास. आता ह्यालाच विचारते, माझा गुडघा दुखायचा कधी थांबेल."

सगळ्या हसल्या. मीही हसलो. मला बरं वाटलं होतं.

शिमग्यात पालखी दारात आली. ओटी भरून आई उभी राहिली आणि तिला श्वास घेता येईना. दोन दिवसांनी माझा सेमिनार होता. तो झाल्यावर मी सरांना बाजूला गाठून सांगितलं, की हीच मर्यादा धरून आम्ही आईचा स्कॅन टाळलाय.

"ती मर्यादा पेशंटला नसते रे," सर म्हणाले. "ज्याला त्या किरणांचा स्वतःला काहीच उपयोग नाही, आणि तरी ते त्याच्या अंगावर येतात, त्याच्यासाठी ती. पेशंटच्या बाबतीत डॉक्टर बघतो, फायदा मोठा की धोका. आईचा फायदा तू कुठे मांडलास?"

मी वही उघडली नाही. काय आहे ते मला पाठ होतं. स्कॅनमुळे झालाच तर कितीतरी वर्षांनी होणारा धोका मी दशांशापर्यंत काढला होता. डाग कसला आहे हे न बघण्याचा धोका किती, हा प्रश्नच मी मांडला नव्हता. पुस्तकात पेशंटबद्दलचं वाक्य त्याच पानावर आहे. मी ते वाचलं होतं की गाळलं होतं, आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी स्कॅन झाला. आई आत गेली आणि बाहेर आली, तेवढ्यात माझा चहासुद्धा संपला नव्हता. मग सुई घालून तुकडा काढला, तो तपासायला पाठवला. माझी परीक्षा सुरू झाली. रिपोर्ट आला का विचारलं की बाबा म्हणायचे, यायचाय. मीही खोदून विचारलं नाही. विचारायची भीती वाटत होती.

शेवटचा पेपर देऊन बाहेर आलो तर बाबा गेटजवळ उभे होते. ते कॉलेजात याआधी कधी आले नव्हते. रिपोर्ट येऊन पंधरा दिवस झालेत, म्हणाले. पेपर होईपर्यंत सांगायचं नाही, असं आईनं बजावलं होतं. कॅन्सर आहे. दुसऱ्या फुप्फुसात गेलाय, हाडांतही गेलाय. ऑपरेशन होणार नाही.

"दिवाळीनंतर लगेच स्कॅन केला असता तर?" मी विचारलं.

"मी विचारलं ना डॉक्टरांना," बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले. "तेव्हा ऑपरेशन बहुतेक करता आलं असतं, म्हणाले."